आधी नियम, मग तलाव

३ ऑक्टोबर १९६६

काल गांधी जयंतीनिमित्त चावडीसमोर माझे भाषण झाले. विषय : खेडे आणि विसावे शतक. भरपूर बोललो. एकही माणूस जागचा हलला नाही. उपसरपंच धर्माजी तर शेवटपर्यंत डोळे मिटून ऐकत होता. टाळ्या वाजल्या तेव्हा दचकला, इतका तल्लीन.

आजपासून रोजनिशी. स्वतःशी खोटे बोलू नये म्हणून मोठी माणसे रोजनिशी लिहितात असे वाचले आहे. मला ते कारण लागू नाही. केवळ नोंद राहावी म्हणून लिहितो.

पंचायतीत आज एक अपूर्व अर्ज आला. तारापूरला अणुवीज केंद्राचे बांधकाम चालले आहे, तिथले अमेरिकन इंजिनिअर मिस्टर डॉसन आमच्या गावात बंगला भाड्याने घेऊन राहतात. त्यांना मागच्या अंगणात घरगुती स्विमिंग टँक बांधायचा आहे. ग्रामसेवक म्हणाला, घराला नियम आहे, गोठ्याला आहे, उकिरड्यालासुद्धा आहे, पण पोहण्याच्या तलावाला नियमच नाही. काय उत्तर देऊ?

मी म्हटले, कायदा मुका असेल. सरपंच आत्माराम राऊत मुका नाही.

५ ऑक्टोबर

नियम लिहायला घेतले. रोमन लोकांची स्नानगृहे, मोहेंजोदडोचे कुंड, सगळे डोळ्यासमोर होते. लेखणी थांबेना.

उतरण्यापूर्वी प्रत्येकाने साबण लावून आंघोळ करावी. चहूबाजूंनी छातीएवढे कुंपण. आठवड्यातून एकदा पाणी पूर्ण बदलावे. गुरे, भांडी, कपडे यांना सक्त मनाई. ज्याच्या झाडाचा पाचोळा तलावात पडेल त्याने तो स्वतः काढावा, नाहीतर दंड.

पण या नियमावलीचा प्राण म्हणजे कलम चार. सामायिक विहिरीचे पाणी सर्व हिस्सेदारांच्या राजीखुशीखेरीज तलावाला घेता येणार नाही. आमच्या या किनाऱ्याच्या पट्ट्यात गोडे पाणी खाऱ्यावर तरंगते, दुधावर साय तरंगते तसे. साय अलगद काढावी, भांडे ढवळू नये. म्हणून तर वाडीवाडीत रहाट सकाळी चालतो, दुपारी बैल सोडून विहिरीला भरू देतात, आणि मग उन्हे उतरल्यावर पुन्हा चालतो. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. अमेरिकनाला नसणार. उद्या त्याने इंजिन लावले की सगळ्या आळीच्या वाड्या मिठागर होतील! हे वाक्य लिहिताना माझ्याच अंगावर काटा आला. भाषणात वापरणे.

१६ ऑक्टोबर

पंचायतीची मीटिंग. नियम मी स्वतः उभा राहून वाचले. कलम चारला आवाज चढवला. धर्माजी मध्येच म्हणाला, "सरपंच, एक कलम ऱ्हायला. बुडणाऱ्यानं पंचायतीला आगाऊ कळवावं." सगळे हसले. विनोदबुद्धी ही अडाण्यांची शेवटची ढाल असते.

नियम एकमताने मंजूर. जेवायची वेळ टळून गेली होती, तरी विरोध करायला कोणी थांबले नाही.

२४ ऑक्टोबर

नियमांचे इंग्रजी भाषांतर घेऊन डॉसनसाहेबांकडे गेलो. त्यांनी पहिल्या कलमापासून शेवटच्यापर्यंत वाचले. मग माझा हात हातात घेऊन खूप वेळ हलवला. म्हणाले, इतके परिपूर्ण नियम आपण आपल्या देशातसुद्धा पाहिले नाहीत, आणि ते वाचून तलावाचा विचार सोडून दिला आहे. समुद्र जवळच आहे, तिथे जाऊ.

एका अमेरिकनाला मी निसर्गाकडे वळवले.

२५ ऑक्टोबर

मात्र झोप नीट लागली नाही. नियम आहेत आणि तलाव नाही. म्हणजे घटना आहे आणि देश नाही! माझी कलमे बेकार तरुणांसारखी कपाटात पडून आहेत. पालघरच्या पंचायत समितीने विचारले, सरपंच, आपले नियम कुठे लागू आहेत, तर काय दाखवू?

निश्चय : तलाव मी बांधणार. माझ्याच वाडीत. तालुक्यातला पहिला खाजगी तलाव, आणि पहिल्या दिवसापासून नियमबद्ध. उद्घाटनाला समितीचे सभापती. पुढच्या निवडणुकीत समितीवर माझे नाव कोण डावलतो ते पाहू.

सुलूला सांगितले. बायको म्हणून तिने आनंद दाखवायला हवा होता. म्हणाली, "तुमाला पवता कुठं येतंय?"

पीनल कोड लिहिणाऱ्याने आधी खून केला होता काय?

३ नोव्हेंबर

जागा नक्की केली. घर आणि आनंदीवहिनीचा पानमळा यांच्या मधली.

वहिनी म्हणजे माझे थोरले बंधू कै. मोरेश्वरदादा यांच्या पत्नी. दादा गेल्यापासून वाडीचा पूर्वेकडचा तुकडा त्याच बघतात. त्यांच्या पानवेली पाहायला माहीमकेळव्याची माणसे येतात. रोज पहाटे अंगठ्याला लोखंडी नखी लावून पाने खुडतात, केळीच्या पानात करंडी बांधतात, पालघर स्टेशनावरून ती मुंबईला जाते. मळ्यात चप्पल घालून कोणाला पाऊल टाकू देत नाहीत. मलाही नाही. मी कुंपणाबाहेरून मार्गदर्शन करतो, त्यामुळेच मळा इतका बहरला आहे. त्यांचे पोट या मळ्यावर आहे, दुसरे काही नाही. म्हणून तर मला त्यांची काळजी असते.

विहीर आमची दोघांची सामायिक. सकाळचा रहाट त्यांचा, संध्याकाळचा आमचा. दादांच्या हयातीपासून पाळी ठरलेली.

११ नोव्हेंबर

खोदकाम सुरू. डोंगरपट्टीतून सुका आणि त्याची बायको नवसी आली आहेत. भात कापून झाले की ही माणसे कामाला खाली उतरतात. पहिल्या कुदळीपूर्वी श्रमप्रतिष्ठेवर बोललो. दोघे उभे राहून ऐकत होती. डोक्यावरची पाटी नवसीने खाली ठेवली नाही, एवढी भारावली.

कलम दोनप्रमाणे तलावात उतरण्यापूर्वी आंघोळ सक्तीची आहे. सुकाला तसे सांगितले. तो म्हणाला, "शेट, माती उकरायला न्हाऊन जायचां, न् उकरून झाल्यावर?" मी म्हटले, नंतरचे नियमात नाही. थंडीत दोघांनी अंगावर पाणी घेतले आणि कुडकुडत खड्ड्यात उतरली. नियम एकदा वाकला की मोडतो. मी शालीत उभा राहून देखरेख केली. गार वाऱ्याने माझे नाक वाहू लागले आहे.

नवसीने विचारले, पाणी भरल्यावर आमाला एक डुबकी मिळंल का? तिला समजावले की तलाव घरगुती आहे, म्हणजे घरच्यांसाठी आणि पाहुण्यांसाठी. तुम्ही मजूर. समता ही वेगळी गोष्ट आहे, तिच्यावर मी फाल्गुनात बोलणार आहे.

२ डिसेंबर

सुका आणि नवसी न सांगता गेली. तारापूरच्या बांधकामावर लागली म्हणतात. तिथे म्हणे मजुरी आठवड्याला मिळते आणि भाषण नसते. कृतघ्नता. राहिलेला खड्डा दुसऱ्यांकडून करून घ्यावा लागला.

सिमेंटला परमिट लागते, आणि परमिट मिळता मिळत नाही. शाळेच्या भिंतीसाठी पंचायतीने मिळवलेले सिमेंट गोदामात पडून दमट होत होते. ते वाचवले. शाळेची भिंत यंदा होणार नाही, पण तलाव हीसुद्धा एक शाळाच आहे.

१९ डिसेंबर

तलाव तयार! आता पाणी.

कलम चारप्रमाणे हिस्सेदाराची राजीखुशी हवी, म्हणून रीतसर वहिनींकडे गेलो. चपला बाहेर काढून. त्या वेल बांधत होत्या, वळूनही न बघता म्हणाल्या, "नाय, भावजी." मी विज्ञान सांगितले, प्रगती सांगितली, जपान सांगितले. त्या म्हणाल्या, "इहीर ही गाय हाय. दोन टायमाला दूध देते. तिसऱ्यांदा पिळायला बसलात तं रगत येल. तुमीच सांगत होता ना चावडीवर? मी दारात उभी राहून ऐकला. तेवढा एकच भाषण मला समाजला होता."

भाषण समजणे आणि त्याचा अर्थ समजणे यांत फरक आहे.

२१ डिसेंबर

पेच सुटला. साधाच होता. विहिरीच्या कागदावर हिस्सेदार म्हणून अजून मोरेश्वरदादांचेच नाव आहे. तेव्हा संमती दादांची हवी, वहिनींची नव्हे. दादांनी हयातीत मला कधी कशाला नाही म्हटले नाही. आता तर मुळीच म्हणत नाहीत. मौन म्हणजे संमती, हे जगातल्या सगळ्या कायद्यांत आहे.

विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत वाटा देणारा कायदा झाला आहे, हे मला ठाऊक नाही असे नाही. त्या कायद्याच्या बाजूने मी तीन गावांत बोललो आहे. पण तो कायदा स्त्रियांसाठी आहे. आनंदीवहिनी या घरच्या आहेत.

२३ डिसेंबर

पंचायतीने दादांची संमती मान्य केली. धर्माजीने विचारले, "मोरेश्वरशेटची सही कोन आणणार, सरपंच? तुमी स्वतः जाणार काय? जात असाल तं आमची काय हरकत नाय." पुन्हा हसणे. तरी ठराव मंजूर. चहा माझ्याकडून होता.

वहिनी चावडीबाहेर उभ्या होत्या.

४ जानेवारी १९६७

बोईसरहून डिझेल इंजिन आणवले. बरोबर त्याचा ऑपरेटर. विहिरीत डोकावून म्हणाला, "साब, बोलो उतना खींचूँगा. मेरे बाप का क्या जाता है?" कामसू माणूस.

इंजिनाचा आवाज म्हणजे विसाव्या शतकाची तुतारी! रहाटाचे कुरकुर कुरकुर कुठे आणि हे कुठे. दुपारीसुद्धा थांबवले नाही. यंत्राला वामकुक्षी लागत नाही.

तलाव भरला. सुलूला बोलावून दाखवला. ती विहिरीत बघत राहिली.

६ जानेवारी

तलाव रिकामा. कुठेतरी झिरपतो आहे. दमट सिमेंटचा दोष. पुन्हा भरला.

१५ जानेवारी

भेगा बुजवल्या. आज कलमाप्रमाणे आठवड्याचे पाणी बदलले. सगळे उपसून बाहेर सोडले, नवे घेतले. नियम करणाराच नियम पाळत नसेल तर जनतेने कोणाकडे पाहावे?

पोहायला शिकण्याचा कार्यक्रम आखला. पुस्तक मागवले आहे. ते येईपर्यंत ओसरीवरच्या बाकावर पालथे पडून हात मारणे. आज सुरुवात केली. सातपाटीची काशीबाई मासळी घेऊन आली होती, तिने टोपली उतरवली आणि कपाळाला हात लावला. "अगो सुलू, याला काय झालाय? उलटी होतेय काय?" कळल्यावर म्हणाली, "आत्माराम, एवढा दर्या पडलाय पुढ्यात, तुला डबका कशाला रं? आमचा दर्या खारट म्हणून काय?"

तिला सांगितले की समुद्राला नियम नाहीत. ती म्हणाली, हायत, पन ते तुला इचारून केले नाय.

पापलेट महाग दिले.

२९ जानेवारी

पाणी बदलले. आज तलावात उतरणार होतो, पण सर्दी. पुढच्या रविवारी नक्की.

५ फेब्रुवारी

पाणी बदलले. गार वारा. निवडणुकीच्या धामधुमीत आजारी पडून चालणार नाही. उन्हाळा हाच पोहण्याचा ऋतू.

१४ फेब्रुवारी

सुलूच्या हातची चव गेली आहे. आज चहात साखरेऐवजी मीठ. तिला समज दिली. तिने विहिरीच्या पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवला. पाण्यात किंचित मचूळपणा आहे, कबूल. पानझडीच्या दिवसांत होतो. इंजिनाचा त्याच्याशी संबंध जोडणे ही अंधश्रद्धा आहे.

२० फेब्रुवारी

वहिनींच्या वेलींना काहीतरी रोग आला आहे. पानांच्या कडा करपल्या आहेत. कुंपणाबाहेरून पाहिले आणि औषध फवारण्याचा सल्ला दिला. त्या एक पान खुडून घेऊन माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "चाखून बगा." चाखले. म्हटले, थोडा कात घातला तर छान लागेल.

त्यांनी ते पान माझ्या हातातून परत घेतले आणि पदराला पुसून कमरेला खोचले. विचित्र बाई.

५ मार्च

पाणी बदलले. विहिरीत पूर्वीइतके येत नाही, पण येते. येते तोवर चिंता नाही.

मुंबईच्या व्यापाऱ्याने वहिनींची करंडी परत पाठवली. पाने बाजारात पोहोचेपर्यंत काळी पडली म्हणे. व्यापारी लोक लबाड असतात.

१२ मार्च

सकाळी तलावावर पाने! करपलेली, वाळलेली, शेकड्यांनी. वाऱ्याने वहिनींच्या मळ्यातून आलेली. उद्घाटन तोंडावर आलेले, आणि हे दृश्य! कलम आठ स्पष्ट आहे. मला वैयक्तिक काहीच नको, पण सरपंच म्हणून कर्तव्य होते. ग्रामसेवकाकरवी वहिनींना नोटीस बजावली. पाचोळा काढा, नाहीतर दंड.

ग्रामसेवक नोटीस नेताना तीनदा मागे वळला. तरुण पिढीत कणा नाही.

१३ मार्च

वहिनी आल्या. साबण लावून आंघोळ करून आल्या होत्या, केस ओले होते. नियम त्यांना पाठ आहेत! मनातून बरे वाटले. कुंपण ओलांडून पाण्यात उतरल्या, कमरेइतक्या. आणि एकेक पान वेचून ओच्यात घेत राहिल्या. उन्हे डोक्यावर आली तरी वेचत होत्या. सुलू काठावर बसून होती. तिलाही उतरायचे होते, पण वहिनींनी हात करून थांबवले. काशीबाई टोपली घेऊन आली आणि आज तिने मासळी न विकताच पाठ फिरवली.

तलाव स्वच्छ झाला. कायद्यापुढे सगे आणि परके सारखे, हे आज गावाने पाहिले. समाधान.

रात्री जेवण मिळाले नाही. सुलूचे डोके दुखत होते.

२ एप्रिल

वहिनींनी मळ्यातल्या सुकलेल्या वेली उतरवायला घेतल्या आहेत. वेली दरवर्षी उतरवून पुन्हा लावतात, तेच असेल.

शेजारच्या दोन वाड्यांतूनही तक्रार आली. त्यांच्याही विहिरी मचूळ. साथ असावी.

९ एप्रिल

उद्घाटन. सविस्तर लिहितो, कारण उद्या अफवा पसरतील.

मंडप, पताका, सनई, सारे होते. पालघरहून सभापती आले. गाव लोटले होते. माझे स्वागतपर भाषण चालू असताना सभापतींनी दोनदा घड्याळ पाहिले, म्हणजे ते वेळेचे महत्त्व जाणतात. मग कलम दोनप्रमाणे मी त्यांना तलावापूर्वी आंघोळीची विनंती केली. विनंतीच, पण नियम तो नियम. सभापती दिलदार गृहस्थ. सदरा उतरवून पंचा लावून तयार झाले. साबण लावला. विहिरीचे पाणी घेतले. फेस येईना. आणखी साबण लावला. साबण अंगाला मेणासारखा चिकटला, केसांत त्याच्या गुठळ्या झाल्या. डोळ्यांत गेला. ते पाणी पाणी करू लागले. कोणीतरी तांब्या दिला. त्यांनी चूळ भरली आणि ती सरळ व्यासपीठावर, माझ्या भाषणाच्या कागदांवर थुंकली.

"राऊत," ते म्हणाले, "दर्याला कुंपण घालून आमाला बोलावलंत काय?"

सगळे गाव हसले. मागे उसळलेला काशीबाईचा आवाज माझ्या कानात आहे. "आत्माराम, यात बोंबील सोड रं! मिठाचा खर्च वाचंल!"

सभापती तसेच, अंगाला साबण लागलेला असताना, जीपमधून गेले.

एकंदर कार्यक्रम उत्साहात पार पडला. पाणी त्यांना मानवले नाही, एवढेच. पालघरच्या पाण्याची सवय.

विशेष नोंद : हसणाऱ्यांत वहिनी नव्हत्या. त्या मळ्यात होत्या. मी बोलत असताना तिकडून सारखा कोयत्याचा आवाज येत होता. व्यत्यय आला.

२३ एप्रिल

पंचायतीची खास सभा. माझ्याविरुद्ध अविश्वास. आणि कशाच्या आधारे? कलम चारच्या! धर्माजीने माझेच वाक्य, आळीच्या वाड्या मिठागर होतील हे, माझ्याच आवाजात म्हणून दाखवले. चांगले म्हटले. मी उत्तरादाखल उभा राहिलो. सॉक्रेटिसापासून सुरुवात केली. तो विषाचा पेला घेतो तिथे पोहोचलो तेव्हा कोणीतरी ओरडले, "सरपंच, आपल्या इहिरीचाच होता काय तो पेला?"

ठराव मंजूर. धर्माजी आता सरपंच. एक गोष्ट मात्र कोणी नाकारू शकत नाही. माझे नियम लागू झाले.

३० एप्रिल

विहीर पूर्ण खारी. रहाट बंद. तलावाचे पाणी बदलायचे तर आणायचे कुठून? न बदलावे तर नियमभंग. हिरवे झाले आहे. धर्माजीने दंडाची नोटीस पाठवली. कलम वाचून दाखवायला स्वतः आला. वाचता वाचता अडखळला, तेव्हा पुढचा शब्द मी सांगितला.

पिण्याचे पाणी सुलू आळीबाहेरच्या लांबच्या विहिरीवरून आणते. तिथे बायका तिला पुढे सोडत नाहीत. सगळ्यांचे भरून झाल्यावर भरते. तिला म्हटले, रांग ही लोकशाहीची पाठशाळा आहे. तिने हंडा माझ्यासमोर आपटला. पोचा आला.

१४ मे

शेजारच्या एका वाडीतल्या केळी आडव्या झाल्या. वाडीचा मालक दारात येऊन बोलला. शब्द लिहिण्याजोगे नाहीत. भाषेवर त्याचे प्रभुत्व मात्र आहे.

पाऊस पडला की सगळे गोडे होईल. वहिनींना तसे सांगायला गेलो. मळ्याजवळ चप्पल काढू लागलो. त्या म्हणाल्या, "नका काढू भावजी. आता चालेल."

आत गेलो. पहिल्यांदाच चपलेसह. एकही वेल उभी नव्हती. नुसते आधाराचे खांब, आणि जमिनीवर पांढरी बुरशी असावी तसे मिठाचे पापुद्रे. चपलेखाली करकरले. मी पावसाचे सांगितले. त्या म्हणाल्या, "पावसानं इहीर भरंल. वेल कुठून भरू? ही तुमच्या दादानं लावलेली होती. हिच्याच पोटची काडी लावून दुसरी केली, दुसरीची तिसरी. आता काडीच नाय."

मी त्यांना चिकू लावण्याचा सल्ला दिला.

२१ मे

वहिनी केळव्याजवळच्या माहीमला भावाकडे जाणार. त्याच्या पानमळ्यात खुडायला बसणार. स्वतःचा मळा असलेली बाई दुसऱ्याच्या मळ्यात खुडणार, हा दैवदुर्विलास. निरोपाचा छोटा समारंभ करावा, चार शब्द बोलावे, असे मनात आहे.

२४ मे

वहिनी गेल्या. बैलगाडीत एक ट्रंक, एक वळकटी. आळीतल्या साऱ्या बायका जमल्या होत्या. काशीबाई सातपाटीहून चालत आली होती. मी पुढे होऊन म्हणालो, "बंधुभगिनींनो." बायकांनी पाठी केल्या. तरी बोललो. पहिल्या परिच्छेदानंतर वहिनी गाडीतून उतरल्या आणि माझ्याजवळ आल्या. मला वाटले, पाया पडतात.

हळूच म्हणाल्या, दुसऱ्याला ऐकू जाणार नाही अशा. "भावजी, पितृपक्षात दादांना पाणी सोडाल ना? याच इहिरीचा सोडा. संमती त्यांचीच होती."

गाडी निघाली. सुलू तिच्यात बसली होती. चार दिवसांसाठी सोबत म्हणून, असे म्हणाली. ट्रंक मात्र दोन होत्या, हे गाडी वळणावर गेल्यावर लक्षात आले. वर एक लिहिले ते चुकून.

२८ मे

चार दिवस झाले. सुलू नाही. रस्ता लांबचा आहे.

३ जून

लांबच्या विहिरीवर मी गेलो होतो. बायका बाजूला झाल्या. हंडा भरला पण कमरेवर कसा ठेवतात ते जमेना. अर्ध्या वाटेत सांडला. परत जावेसे वाटले नाही.

घरी येऊन आपल्याच विहिरीत पोहरा सोडला. तांब्याभर प्यालो.

पाऊस अजून पडलेला नाही, तरी आज पाणी गोड लागले. पुन्हा पिऊन पाहिले, गोडच होते. सांगायला घरात कोणी नव्हते, म्हणून इथे लिहून ठेवतो.